काम खाली, सही वर

शेतकरी बंधूंनो, आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तुमच्या शिवारात शेवटचा पीक कापणी प्रयोग झाला तेव्हा तिथे कोण कोण हजर होते? प्लॉट आखताना टेप कुणी धरली, मळणी कुणी केली, वजन कुणी घेतले आणि फॉर्मवर सही कुणाची झाली? बहुतेक जण म्हणतील, आम्हाला काय माहीत, ते सरकारी काम आहे. आपली गफलत होते ती इथेच.

२०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा सुरू झाला होता. २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला. हप्ता पुन्हा शेतकऱ्याच्या खिशातून जाऊ लागला आणि भरपाईचा आधार राहिला तो पीक कापणी प्रयोगातून निघणारा उत्पन्नाचा आकडा. म्हणजे ज्या कामाकडे आपण आजवर ढुंकून पाहिले नाही, त्याच कामावर आपल्या विम्याची भिस्त आहे.

हिशेब काय आहे?

हिशेब समजून घ्या. समजा, तुमच्या मंडळाचे सोयाबीनचे उंबरठा उत्पादन हेक्टरी १० क्विंटल आहे आणि विमा संरक्षित रक्कम ५० हजार रुपये आहे. पावसाने पीक गेले आणि खरे उत्पन्न आले ७ क्विंटल. घट झाली ३० टक्के, म्हणजे भरपाई हेक्टरी १५ हजार. पण कागदावर उत्पन्न ९ क्विंटल दिसले तर घट १० टक्केच धरली जाणार आणि हाती येणार ५ हजार. हेक्टरी १० हजार रुपये गेले कुठे? वजनकाट्यावर.

आता प्लॉट दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद धरा. ५० चौरस मीटर झाले. एवढ्याशा तुकड्यात एक किलोची चूक झाली की हेक्टरी दोनशे किलोची, म्हणजे दोन क्विंटलची चूक होते. एकाच प्लॉटवर मंडळाचा आकडा ठरत नाही, सरासरी काढतात, हे खरे. पण चार प्लॉटवर तीच हयगय झाली तर सरासरी तरी बरोबर कशी येणार?

म्हणून तर या कामावर देखरेख ठेवायला वरिष्ठ नेमलेले असतात. काही प्रयोगांना त्यांनी स्वतः बांधावर उभे राहायचे, तपासणीचा नमुना भरायचा आणि सही करायची. सही म्हणजे 'मी पाहिले' अशी साक्ष. पण ज्याने पाहायचे त्यानेच हाताखालच्याला सांगितले की 'तूच भरून टाक, सही मी करतो', तर ती साक्ष कसली?

माझाच अनुभव

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी माझेच सांगतो. पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुका कोणता, साहेब कोण, ते सांगत नाही, कारण तसे साहेब कुठेही भेटतात. सोयाबीन काढणीला आले होते. एका दिवशी दोन गावांत दोन प्रयोग लागले, दोन्हींच्या मध्ये वीसेक किलोमीटर अंतर. त्यातल्या एका ठिकाणी वरिष्ठांनी येऊन तपासणी करायची होती. सकाळी फोन आला, "मला मीटिंग आहे, तू दोन्ही उरकून घे. माझा नमुनाही भरून ठेव, संध्याकाळी सही करतो."

मी 'हो साहेब' म्हणालो. तेव्हा नोकरी नवी होती. पण पुढे मी काय केले? दुसऱ्या गावातल्या एका ओळखीच्या पोराला फोन लावला आणि सांगितले, "मळणी झाली की वजन करून मला कळव." म्हणजे साहेबांनी माझ्यावर ढकलले, मी त्या पोरावर ढकलले. त्याला ना पगार, ना प्रशिक्षण, ना अधिकार. त्याने आपल्या परीने काम केले आणि फोनवर आकडा सांगितला. मी तो लिहून घेतला.

संध्याकाळी त्या शेताचे मालक, सत्तरीचे आबा, स्टँडवर भेटले. म्हणाले, "साहेब, वजन कुणी केलं हो?" मी म्हणालो, "का आबा, काय झालं?" तर म्हणाले, "उफणलंच नाही की. भुसकाट, माती, सगळ्यासकट काट्यावर टाकलं. आमचा विमा गेला भुसकाटात."

नशीब, माल पोत्यात बांधून वेगळा ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो, उफणून परत वजन केले. सव्वा किलो कमी भरले. फॉर्म वर गेला नव्हता म्हणून आकडा दुरुस्त करता आला. वरच्या हिशेबाने पाहा, सव्वा किलो म्हणजे हेक्टरी अडीच क्विंटल! आबांनी विचारले नसते तर? साहेबांची सही झाली असती, माझी सही झाली असती, कागद एकदम चोख दिसला असता. त्या कागदात एकच गोष्ट नसती, ती म्हणजे खरे उत्पन्न.

डिलाईल रोडची गोष्ट

वरच्याने आपले काम खालच्यावर टाकायचे आणि सही आपल्याकडे ठेवायची, हा प्रकार आजचा नाही. आपल्या सातारा जिल्ह्यातील किती घरांतून माणसे मुंबईला गिरणीत गेली, ते सांगायला नको. माझे आजोबाही पाटण खोऱ्यातून गेले आणि डिलाईल रोडला एका खोलीत पंधरा-वीस गाववाल्यांबरोबर राहिले. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून एक उठला की त्याच्या जागी दुसरा आडवा व्हायचा. आजोबा सुरुवातीला बदली कामगार होते. आपल्याकडे बदली म्हटले की नोकरदाराच्या पोटात गोळा येतो, तिथे बदलीचा अर्थ वेगळा. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी त्या दिवसापुरते काम करणारा तो बदली. सकाळी गेटावर उभे राहायचे, काम मिळाले तर मिळाले, नाहीतर परत खोलीवर.

आजोबा म्हणायचे, "मास्तर खुर्चीत, जॉबर खात्यात आणि आम्ही साच्यावर." हे एक वाक्य मला पुढे नोकरीत फार उपयोगी पडले.

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी काढली. पुढे परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळी हा सगळा भाग गिरणगाव झाला. मालक मंडळी पेढीवर बसायची. सुरुवातीच्या काळात अनेक गिरण्यांचे मॅनेजर आणि खात्याचे मास्तर इंग्लंडमधल्या लँकेशायर भागातून आणलेले असत. त्यांना मराठी येईना, कामगाराला इंग्रजी येईना. मग माणसे कोण भरणार, हजेरी कोण बघणार, कुणाला काढायचे, कुणाला ठेवायचे? ही सारी कामे मॅनेजरची. पण ती एकेक करून जॉबरच्या गळ्यात टाकली गेली. जॉबर म्हणजे आपल्या भाषेत मुकादम. बायकांच्या खात्यात नायकीण असायची.

कारभार मॅनेजरच्या नावाने आणि चालवणारा जॉबर. वरच्यांना हे सोयीचे होते. माल निघतोय ना, मग कसा निघतोय ते कशाला विचारायचे? आपल्याकडे याला उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात.

पण झाले काय? जॉबरकडून उत्पादन मागितले जायचे, भरती कशी करायची याचा लेखी नियम मात्र नव्हता. तेव्हा तो आपल्या गावचा, आपल्या नात्यातला, आपल्याला चार पैसे देणारा माणूस लावू लागला. कामावर लागायचे तर दस्तुरी द्या, टिकायचे तर द्या, सुट्टीवरून परत यायचे तर पुन्हा द्या. काही जॉबर व्याजाने पैसे देत, काहींचे खोल्यांत, खानावळीत, दुकानात अंग असे. कामगार गिरणीचा न राहता जॉबरचा झाला. मॅनेजरला आपल्याच खात्यात काय चालले आहे ते कळेनासे झाले. तक्रार करायची तर कुणाकडे? जॉबरबद्दलची तक्रारही जॉबरमार्फतच वर जायची!

वाचकहो, जॉबर जात्याच वाईट होता असे मी म्हणत नाही. तोही कधीकाळी साच्यावर उभा राहिलेला कामगार होता. वरून दट्ट्या आणि खालून रोष, असा तो दोन्हीकडून भरडला जायचा. पण ज्याला काम दिले आणि जबाबदारीची चौकट दिली नाही, तो माणूस एकतर पिचतो नाहीतर पिळतो.

जोशींचे नाव त्या रस्त्याला का?

डिलाईल रोडचे नाव बदलून पुढे ना. म. जोशी मार्ग झाले. हे नारायण मल्हार जोशी कोण? रायगड, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे. १८७९ चा जन्म. १९११ मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली, १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. १९२८ साली कापड कामगारांचा सहा महिन्यांचा मोठा संप झाला. एका माणसाने जास्त साचे सांभाळावेत, हा त्यामागचा एक वाद होता. त्यानंतर १९२९ मध्ये सरकारने कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला. जोशी त्या आयोगाचे सभासद होते.

१९३१ च्या अहवालात आयोगाने सांगितले की, कामगार घेण्याचा आणि काढण्याचा अधिकार जॉबरच्या हाती राहू नये. त्यासाठी गिरणीने कामगार अधिकारी नेमावा आणि तो थेट मुख्य मॅनेजरला जबाबदार असावा. थोडक्यात, ज्याचे काम त्याने करावे आणि त्याचा जाब त्यानेच द्यावा. १९३५ पासून मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत आली. कार्डवाल्यांतूनच रिकाम्या जागा भरायच्या, म्हणजे जॉबरच्या मर्जीला लगाम बसेल असा हेतू. १९५० मध्ये सरकारी नोंदणीची योजनाही आली. तरी बदलीचे दुखणे संपले नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, त्यातही बदली कामगारांना कायम करा ही मागणी होती. त्या संपात माझ्या आजोबांची नोकरी गेली आणि ते गावी आले ते कायमचे. गिरण्यांच्या जागी आता टॉवर उभे आहेत. पण काम खाली ढकलायची रीत काही गिरण्यांबरोबर बंद पडली नाही.

नाव बदलले, कामाचे काय?

आता आपल्या गावाकडे या. गेल्या दोन वर्षांत गावपातळीवरच्या नोकरदारांची नावे भराभर बदलली. २०२४ मध्ये तलाठी ग्राम महसूल अधिकारी झाले, ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी झाले. मे २०२५ मध्ये राज्यातील कृषी सहाय्यकांनी आंदोलन केले. लॅपटॉप द्या, गावपातळीवर मदतनीस द्या, पदनाम बदला अशा मागण्या होत्या. पदनाम बदलून सहाय्यक कृषी अधिकारी झाले. चांगले झाले. मान मिळाला तर कुणाला नको? पण नावात 'अधिकारी' आले म्हणून हातात अधिकार येतो असे नाही.

अतिवृष्टी झाली की पंचनाम्याला बांधावर कोण जातो? हेच तिघे. ३३ टक्क्यांवर नुकसान आहे की नाही हे चिखलात उभे राहून ठरवायचे आणि 'आमचं शेत का धरलं नाही' म्हणून शिव्याही यांनीच खायच्या. याद्या कधीपर्यंत पाहिजेत ते वरून ठरते, माणसे किती लागतील ते मात्र वरून कुणी विचारत नाही. पीएम किसानचे काम महसूल खात्याने करायचे की कृषी खात्याने, यावर दोन खात्यांत वाद रंगला, तेव्हा हप्ता अडकलेला शेतकरी दोन कचेऱ्यांच्या मध्ये हेलपाटे घालत होता. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायला अंगणवाडी सेविकांना लावले. ग्रामपंचायतीत दाखले, नोंदी, ऑनलाइन माहिती हे सगळे संगणक परिचालकाच्या बोटांवर चालते, सही मात्र दुसऱ्याची असते.

आणि सगळ्यांच्या खाली कोण? तुम्हीच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर करायची. कल्पना वाईट नाही, आपल्या पिकाची नोंद आपण केली तर खोटी नोंद होत नाही. पण ज्याच्याकडे चांगला फोन नाही, ज्याच्या शिवारात रेंज नाही, त्याचे काय? नोंद राहिली तर चूक कुणाची? ज्याचे काम होते त्याची नाही, शेतकऱ्याची! पाटाचे पाणी टेलच्या शेतकऱ्यापर्यंत कधी पोहोचत नाही, कामाचा लोंढा मात्र बरोबर टेललाच येतो.

सोपवणे वेगळे, ढकलणे वेगळे

आता वरिष्ठांची बाजूही पाहिली पाहिजे. एकेका अधिकाऱ्याकडे दोन-दोन टेबलांचा कार्यभार असतो, पदे रिकामी असतात, रोज व्हिडिओ कॉन्फरन्स असते. त्यांच्यावरही कुणीतरी ढकललेलेच असते. आणि सगळी कामे एकट्याने करायची म्हटले तर कचेरी चालणार नाही. काम वाटून दिलेच पाहिजे.

पण फरक ओळखा. तुम्ही सालगड्याला फवारणी सांगता. औषध कोणते, पंपाला किती, वारा कुठल्या दिशेचा हे समजावून सांगता, हातमोजे आणून देता आणि संध्याकाळी स्वतः वाफा बघून येता. याला म्हणतात काम सोपवणे. उलट ओट्यावर बसून 'जा रे, मारून ये' म्हणालात आणि पीक करपल्यावर त्याच्याच नावाने ओरडलात, तर ते ढकलणे. सोपवताना कामाबरोबर माहिती, साधन आणि अधिकार खाली जातो आणि जबाबदारी वर राहते. ढकलताना बरोबर उलटे होते. घाम खालचा, दोषही खालचा, शाबासकी तेवढी वरची.

आपण काय करायचे?

नुसत्या तक्रारीने भागत नाही. आधी माझ्या नोकरदार बांधवांसाठी.

एक, तोंडी आदेशावर दुसऱ्याचे काम अंगावर घेऊ नका. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये शासकीय कर्मचाऱ्यासाठी स्पष्ट सांगितले आहे की, वरिष्ठांच्या सूचनेवरून काम करताना शक्य असेल तेथे ती लेखी घ्यावी, नसेल तर नंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी घ्यावी. भांडायची गरज नाही. 'साहेब, आपल्या सूचनेप्रमाणे हे करत आहे, कृपया पुष्टी द्यावी' अशी दोन ओळींची टिपणी पुरे.

दोन, जे डोळ्यांनी पाहिले नाही त्यावर सही करू नका आणि दुसऱ्याच्या तपासणीचा नमुना आपण भरू नका. माझ्यासारखी चूक करू नका.

तीन, आपल्या खाली कोण आहे ते बघा. परिचालक, शिपाई, गावातला उत्साही पोरगा. वरून आलेला धोंडा त्याच्या डोक्यावर ठेवून मोकळे होणे सोपे असते. साखळी कुणीतरी तोडली पाहिजे.

आता शेतकरी बंधूंसाठी.

एक, गावात पीक कापणी प्रयोगासाठी ग्रामस्तरीय समिती असते. त्यात कोण आहेत ते ग्रामपंचायतीत विचारा. प्रयोगाची तारीख विचारा आणि त्या दिवशी चारजण बांधावर जा. टेप, मळणी, उफणणी, काटा, सगळे बघा. तपासणी अधिकारी आले होते का, तेही बघा. अडथळा आणायचा नाही, नुसते उभे राहायचे. चार डोळे असले की काटा सरळ राहतो.

दोन, काम अडले की समोर बसलेल्या कनिष्ठावर तोंड टाकण्याआधी एवढेच विचारा, 'हे काम नियमाने कुणाचे?' महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे आणि प्रत्येक सेवेला पदनिर्देशित अधिकारी ठरलेला आहे. त्याच्यावर प्रथम आणि द्वितीय अपील करता येते. सबळ कारणाशिवाय सेवा दिली नाही तर ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद आहे. हा दंड पदनिर्देशित अधिकाऱ्याला आहे, समोरच्या परिचालकाला नाही. कचेरीत याचा फलक असायला हवा. नसेल तर मागा.

तीन, अर्ज दिला की पोच घ्या. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा कायदा म्हणतो की, साधी फाईलसुद्धा एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. तुमच्याकडे तारखेची पोच असली तर फाईल कुठे झोपली ते शोधता येते.

बंधूंनो, डिलाईल रोडच्या कामगाराला त्याचा खरा मॅनेजर कोण हे कळायला पिढ्या गेल्या. त्याच्यासमोर नेहमी जॉबरच उभा असायचा. आपल्यासमोरही नेहमी सगळ्यात खालचा माणूस उभा असतो आणि आपला राग तिथेच संपतो. वरच्याला तेच हवे असते. त्या दिवशी आबांनी मला शिवी दिली नाही, मोर्चा आणला नाही. 'वजन कुणी केलं?' एवढेच विचारले. पुढच्या काढणीला तुमच्या बांधावर हा प्रश्न जरूर विचारा. समोर मी असलो तरी विचारा.